मोठ्या दस्तऐवजांचे मुद्रण आणि संगणकाची स्मृती

मतदारयादी, जमिनीचे उतारे, परीक्षांचे निकालपत्रक अशा शेकडो पृष्ठांच्या दस्तऐवजांचे मुद्रण चालू असता संगणक मध्येच अडतो, हा अनुभव अनेक कचेऱ्यांना येतो. मग दूरच्या खेड्यातून आलेल्या नागरिकास 'उद्या या' असे सांगावे लागते. अशा वेळी दोष पुष्कळदा छपाई यंत्राचा नसून संगणकाच्या कार्यकारी स्मृतीवर पडलेल्या भाराचा असतो.

भार का पडतो?

छपाईपूर्वी प्रत्येक पृष्ठाचे रूपांतर सूक्ष्म ठिपक्यांत होते. एका इंचात ६०० ठिपके धरल्यास ए-४ आकाराच्या पृष्ठावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके येतात. काळ्यापांढऱ्या पृष्ठास त्यासाठी सुमारे ४ मेगाबाइट स्मृती लागते. रंगीत पृष्ठास, दर ठिपक्यास ३ बाइट धरल्यास, सुमारे १०० मेगाबाइट. अशी ५०० रंगीत पृष्ठे आज्ञावलीने एकदम स्मृतीत उभी केली, तर हा भार ५० गिगाबाइटांवर जातो.

उपाय

जात्यात सारे धान्य एकदम ओतीत नाहीत; मूठमूठ वैरतात. तोच न्याय येथे लागू होतो.

१. आज्ञावलीने एक पृष्ठ तयार करावे, ते छपाईच्या रांगेत तबकडीवर पाठवावे व त्याने व्यापलेली स्मृती मोकळी करून मगच पुढील पृष्ठ घ्यावे. पृष्ठाचेही २० आडवे पट्टे पाडल्यास १०० मेगाबाइटांऐवजी ५ मेगाबाइट पुरतात.

२. नोंदीही साऱ्या एकदम न वाचता पृष्ठापुरत्याच वाचाव्यात.

३. एक इंच रुंदीच्या छायाचित्रास ३०० ठिपक्यांची रुंदी सामान्यतः पुरेशी असते. ३००० ठिपक्यांचे चित्र दिल्यास लांबी-रुंदी दोन्ही दसपट होऊन स्मृती शंभरपट लागते.

४. प्रत्येक पृष्ठावर येणारे बोधचिन्ह व अक्षरसंच एकदाच साठवून पुनःपुन्हा वापरावेत.

दक्षता

आज्ञावली बदलणे शक्य नसेल, तेथे कर्मचाऱ्यांनी दस्तऐवज ५०-५० पृष्ठांच्या भागांत छापावा. मात्र पृष्ठक्रमांक सलग ठेवावेत आणि शेवटी एकूण पृष्ठे मोजून पाहावीत. मतदारयादीचे एक पान गळाले, तर त्यावरील नागरिकांना आपली नावे तपासण्याची संधीच मिळत नाही. छपाई शीघ्र व्हावी हे खरे. परंतु ती पूर्ण व्हावी, हे त्याहून अगत्याचे होय.