‘स्टेम सेल’मध्ये करिअर? आधी पाया पक्का करा

नावात ‘स्टेम सेल’ असलेला कोर्स शोधण्याआधी या क्षेत्रातला एक प्रश्न समजून घ्या. अपघातात दंडातला मज्जातंतू तुटला, तर जोडल्यानंतर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. तिथून तळहात अर्धा मीटर लांब, म्हणजे ५०० दिवस! तोवर स्नायू सुकत जातात. वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी हालचाल परतणं अवघड असतं. मधला तुकडाच गेला असेल, तर पोटरीतला मज्जातंतू काढून तिथे शिवतात, पण त्याने पावलाची बाहेरची कड बधिर होते. म्हणूनच चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना (स्टेम सेल), तंतूला वाट दाखवणाऱ्या श्वान पेशींचं काम शिकवून पोकळ नळीतून त्या खंडात बसवण्याचे प्रयोग चालू आहेत. प्राण्यांवरचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. माणसांसाठी मात्र हा अजून रुळलेला उपचार नाही.

या कामात पेशी वाढवणारा जीवशास्त्रज्ञ लागतो, नळीचं मटेरियल घडवणारा इंजिनिअर लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालणारा सर्जनही लागतो. ही तिन्ही कामं एका कोर्समध्ये शिकून होत नाहीत. त्यामुळे ‘नीट’ हुकली म्हणजे दार बंद झालं, असं पालकांनी समजू नये. पुण्याच्या आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस किंवा बीएस्सीनंतर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, पुढे ‘नेट’ परीक्षा देऊन पुण्याच्याच नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या संस्थेत पीएचडी, हा रस्ताही इथेच पोचतो.

‘मग तिशीपर्यंत शिकतच राहायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण एमबीबीएस, एमएस आणि एमसीएच करणाऱ्यालाही अकरा-बारा वर्षं लागतात. आणि ‘नेट’ची फेलोशिप मिळाली तर पीएचडीत दरमहा पैसे मिळतात. ‘उपचार फसला तर?’ तरीही निर्जंतुक वातावरणात पेशी वाढवण्याचं कौशल्य लस आणि जैविक औषधांच्या उद्योगात चालतं. ते केवळ स्टेम सेलला बांधलेलं नाही.

भीती बाळगायचीच तर ‘स्टेम सेल’च्या नावाने होणाऱ्या चकचकीत जाहिरातींची बाळगा. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचण्यांपुरताच आहे. त्यामुळे अशा कोर्सची फी भरण्याआधी विचारा: प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करायला किती तास मिळतील आणि शिकवणाऱ्यांचं संशोधन कुठे छापून आलं आहे? उत्तर गुळमुळीत आलं, तर साधी बीएस्सी बरी.