शिसेविरहित पेट्रोल आणि जुनी अँबॅसडर

मुंबई-गोवा महामार्गावरील आमच्या शिरढोणहून अजूनही एखादी जुनी पेट्रोल अँबॅसडर जाताना दिसते. पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर तिच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसून झीज रोखी. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यावर गाडी सतत वेगाने हाकली, की बिडाच्या हेडमधील सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटची फट बुजते आणि कॉम्प्रेशन जाते.

उपाय सरळ आहे. हेड उतरवून, खाच पाडून, कठीण पोलादाची सीट घट्ट दाबून बसवावी व व्हॉल्व्ह घासून जुळवावा.

मित्रहो, हा खर्च मला रास्त वाटतो. धुरातले शिसे बालकांच्या मेंदूला इजा करी. सीट बदलता येते; मेंदू नाही.