दालचिनीचा गोड पाव आणि यीस्टची कसोटी

कैरीचा मुरंबा वर्षभर टिकतो तो साखरेमुळे, हे तुम्हांला घरी कोणीतरी सांगितलेच असेल. पाक दाट असला म्हणजे त्यात बुरशी वाढत नाही. आता दुसरी गोष्ट पाहा. पाव फुगतो तो यीस्टमुळे. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच आहे आणि तिचे अन्न म्हणजे साखर. म्हणजे एकच साखर एका बुरशीला जगवते आणि मुरंब्यात बुरशीला दूर ठेवते! हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधू. त्यासाठी आपण दालचिनीचा गोड पाव निवडला आहे. स्वीडनमध्ये हा गुंडाळीच्या आकाराचा छोटा पाव घरोघरी करतात. तो तिथे रुळला पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या सुमारास. १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा दिवस त्या देशात या पावाचा दिवस म्हणून साजरा होतो. हा पाव निवडण्याचे कारण असे की, त्याला ज्या दोन पदार्थांमुळे चव येते, ते साखर आणि दालचिनी हे दोन्ही यीस्टला अडचणीत आणणारे आहेत. साधा पाव ज्याला उत्तम जमतो, त्याचाही हा पाव पुष्कळदा विटेसारखा घट्ट होतो. मैदा, दूध, लोणी सगळे फुकट जाते. असे का होते ते समजले, तर ते टाळताही येते.

प्रथम यीस्टविषयी थोडे. यीस्टची पेशी इतकी लहान की एक मिलिमीटर लांबीत शेदोनशे पेशी शेजारी शेजारी बसतील. पुरेसा ऑक्सिजन नसेल तेव्हा ही पेशी ग्लुकोजचे विघटन करून अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. यालाच किण्वन म्हणतात. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरेने आंबवीत, कारण सुरेत यीस्ट आपोआप वाढलेले असते. किण्वन हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. तो रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली, आणि पाहतो तो काय, रसातून बुडबुडे येऊ लागले! पेशी फुटून गेल्या होत्या, तरी त्यांतील विकरे साखरेवर काम करीतच होती. मुरंब्याची युक्ती करायला गेला आणि किण्वन हाती लागले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला या शोधासाठी मिळाले.

आता प्रयोगाकडे वळू. २५० ते ३०० मिलिलिटरच्या चार सारख्या काचेच्या बाटल्या, चार फुगे, पावासाठी मिळणारे कोरडे यीस्ट, साखर आणि ताजी कुटलेली दालचिनीची पूड एवढे साहित्य पुरे. फुगे एकदा फुगवून सैल करून घ्या. २०० मिलिलिटर कोमट पाण्यात ४ सपाट चमचे यीस्ट कालवून १० मिनिटे ठेवा. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. पाणी तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घेतो तितपतच ऊन हवे, म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते, म्हणून चहाच्या पाण्याचा अंदाज येथे उपयोगी नाही.

प्रत्येक बाटलीत ५० मिलिलिटर कोमट पाणी घाला. बाटली ‘क’ मध्ये आणखी काही घालू नका. ‘ख’ मध्ये १ चमचा साखर विरघळवा. ‘ग’ मध्ये १ चमचा साखर आणि १ चमचा दालचिनीची पूड घाला. ‘घ’ मध्ये १० चमचे साखर घालून नीट ढवळा. मग यीस्टचे पाणी हलवून त्यातले ५० मिलिलिटर प्रत्येक बाटलीत ओता, तोंडाला फुगे चढवा आणि बाटल्या एकाच उबदार जागी ठेवा. बाटलीला बूच किंवा घट्ट झाकण मात्र कधीही लावू नका. वायूच्या दाबाने काच फुटू शकते. दर १५ मिनिटांनी फुग्याभोवती दोरा गुंडाळून त्याचा घेर मोजा आणि वहीत लिहा. डोळ्यांनी ‘बराच फुगला’ असे लिहिणे हे निरीक्षण नव्हे.

‘क’ चा फुगा बहुधा लोंबकळतच राहील, कारण यीस्टला अन्नच नाही. ‘ख’ चा फुगा सर्वांआधी ताठ उभा राहील. ‘घ’ मध्ये दहापट अन्न आहे, तरी त्याचा फुगा ‘ख’ च्या मागे पडलेला दिसेल. आणि ‘ग’ चा? त्यात ‘ख’ इतकीच साखर आहे, तरीही तो मागे राहील.

‘घ’ चे कोडे आधी सोडवू. यीस्टच्या पेशीभोवती असलेल्या पटलातून पाणी सहज आतबाहेर करते, साखर तशी करू शकत नाही. बाहेर दाट पाक असला की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. हेच परासरण. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय येथे एक गंमत आहे. आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. यीस्टच्या पेशीभित्तिकेत इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ते सुक्रोजच्या एका रेणूचे दोन तुकडे करते, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. परासरण अवलंबून असते ते विरघळलेल्या कणांच्या संख्येवर. म्हणजे यीस्ट आपले जेवण कापून घेता घेता स्वतःभोवतीचा पाक जणू दुप्पट दाट करते! यावर पेशीकडे उपाय आहे. ती ग्लिसरॉल तयार करून आत साठवते, म्हणजे आतबाहेरचा तोल राहतो. पण हे करण्यात वेळ आणि शक्ती खर्च होते, आणि तेवढा काळ वायूचे उत्पादन मंदावते. मुरंब्यातला पाक याहूनही दाट असतो. तेथे तोल साधणे बहुतेक सूक्ष्मजीवांच्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर ‘किती?’ या एका शब्दात आहे.

मग पावाला साखर लागते तरी किती? हिशेब करून पाहू. १ ग्रॅम साखरेचे पूर्ण किण्वन झाले तर सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. ३० अंश तापमानाला त्याचे आकारमान २९० मिलिलिटरच्या आसपास भरते. खाली दिलेल्या प्रमाणाने मळलेला गोळा साधारण ४०० मिलिलिटरचा होतो. तो दुप्पट फुगायला ४०० मिलिलिटर वायू हवा, म्हणजे दीड ग्रॅमही साखर नको! काही वायू निसटतो, गोळा दोनदा फुगवायचा असतो, असे सगळे धरले तरी चार-पाच ग्रॅम पुरतात. खरे तर तेवढीही घालावी लागत नाही, कारण मैद्यातली विकरे पिठातल्या स्टार्चपासून थोडी साखर तयार करून देतातच. आपण घालणार आहोत ४० ग्रॅम. ही साखर आपल्या जिभेसाठी आहे, यीस्टसाठी नव्हे. मैद्याच्या वजनाच्या शेकडा पाच-सहा भागांपलीकडे साखर गेली की यीस्ट मंद होऊ लागते. आपले प्रमाण शेकडा १६ आहे. म्हणून गोड पावात यीस्ट थोडे जास्त घालावे आणि वेळही जास्त द्यावा. घाई करणाऱ्याचा पाव येथेच बिघडतो.

आता दालचिनी. ही झाडाची साल आहे. तिला वास आणि तिखटगोड चव येते ती मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या तैलद्रव्यामुळे. हे द्रव्य बुरशीच्या वाढीला अटकाव करते. सालीत असे द्रव्य असण्याचा झाडाला काय उपयोग होत असेल, हे ओळखणे अवघड नाही. आणि यीस्ट ही बुरशीच असल्याने, झाडावर चढणारी बुरशी कोणती आणि पाव फुगवणारी कोणती हा भेद दालचिनी करीत नाही! बाजारात दोन प्रकारची दालचिनी मिळते. जाड, खडबडीत, एकाच पदराची असते ती बहुधा कॅसिया, आणि कागदासारख्या पातळ पदरांची सुरळी असते ती सिलोनी. आपल्या कोकणातल्या बागांत लावतात ती सिलोनी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचे तिचे वाण दिले आहे. दोन्हींची पूड घेऊन बाटल्या मांडल्यात तर आणखी एक छान तक्ता तयार होईल.

एखादा चौकस विद्यार्थी येथे शंका काढील: फुगा मागे राहिला तो दालचिनीतल्या तेलामुळे, की नुसती पूड तळाशी साचून यीस्ट दबल्यामुळे? शंका रास्त आहे. तिचे निरसन करायला पाचवी बाटली मांडावी आणि तीत ‘ख’ चेच मिश्रण घेऊन दालचिनीऐवजी १ चमचा गव्हाचा कोंडा घालावा. शिक्षकांनी ही बाटली आपण होऊन सांगू नये. वर्गातून कोणी मागते का, याची वाट पाहावी.

तर मग पाव करू. २५० ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर कोमट दूध, ४० ग्रॅम साखर, दीड चमचा यीस्ट, पाऊण चमचा वेलदोड्याची पूड, अर्धा चमचा मीठ. यीस्ट दुधात भिजवून, मग सारे एकत्र करून १० मिनिटे चांगले मळा. मैद्यातली प्रथिने पाण्याबरोबर ग्लुटेनचे लवचिक जाळे करतात आणि मळण्याने ते बळकट होते. वायू अडकतो तो या जाळ्यात. ४० ग्रॅम मऊ लोणी शेवटी मळा, आधी घातले तर जाळे जुळायला अडथळा होतो. गोळा झाकून ठेवा. मुंबईच्या उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होईल, नाशिकच्या थंडीत दोन-अडीच तासही लागतील. घड्याळाकडे नव्हे, गोळ्याकडे पाहावे.

दालचिनी अजून घातलेली नाही, हे लक्षात आले ना? आता गोळ्याची ४० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद अशी पोळी लाटा. तिच्यावर ४० ग्रॅम मऊ लोणी फासा आणि ४० ग्रॅम साखरेत २ चमचे दालचिनीची पूड मिसळून ती वरून पसरा. अळूवडीसारखी गुंडाळी करून तिचे १२ तुकडे कापा. या रचनेत दालचिनी एका पातळ थरात, लोण्यात लपेटून राहते. तिच्या लगतचे थोडे यीस्ट मंदावेल, पण पदराच्या आतले बाकीचे यीस्ट आपले काम करीत राहते. हीच २ चमचे दालचिनी गोळ्यात मळली असती, तर ती प्रत्येक पेशीच्या शेजारी जाऊन बसली असती. कापलेले तुकडे थोडा वेळ ठेवलेत, तर कडेने पाक झिरपताना दिसेल. साखरेने पिठातले पाणी ओढले, ‘घ’ बाटलीतलेच परासरण ते!

तुकडे अर्धा-पाऊण तास पुन्हा फुगू द्या आणि २०० अंशांच्या भट्टीत १२ ते १५ मिनिटे भाजा. हे काम घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन करा. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर तापवून, त्यावर तिवई व तिवईवर ताटली ठेवून, झाकण लावून भाजता येते. मात्र उष्णता खालून येत असल्याने वरची बाजू फिकी राहते आणि वेळ अर्ध्या तासापर्यंत लागतो. भाजताना पाव शेवटचा फुगतो. ३० अंशांवरचा वायू ९५ अंशांपर्यंत तापला, तर त्याचे आकारमान किती वाढेल? चार्ल्सचा नियम लावून पाहा, सुमारे एकपंचमांश येते. यीस्ट मात्र त्याआधीच मेलेले असते. पाण्याची वाफ व किण्वनातले अल्कोहोल उडून जाताना उरलेली फुगवण होते, स्टार्च व ग्लुटेन घट्ट होऊन आकार पक्का करतात, आणि कडेच्या साखरेचा व प्रथिनांचा तांबूस रंग होतो.

वेलदोडा मात्र आपण निर्धास्तपणे गोळ्यातच मळला. स्वीडनमध्येही तो तसाच मळतात. तोही वासाचा मसाला, त्यातही तैलद्रव्ये आहेत. मग दालचिनीला जो नियम तो वेलदोड्याला का नाही? एका बाटलीत ‘ख’ चे मिश्रण घ्या, दुसरीत त्याच मिश्रणात अर्धा चमचा वेलदोड्याची पूड घाला, दोन्हींना फुगे लावा आणि दोऱ्याने मोजा.