पानिपतचा दिवस : तारीख, तिथी आणि संक्रांत

शाळेच्या भिंतीवरील फळ्यावर पुष्कळदा 'आजचे दिनविशेष' लिहिलेले असतात. अमुक तारखेस अमुक घडले, एवढेच त्यात असते. ती तारीख कोणत्या कालगणनेतील, आणि घटना घडली तेव्हा त्या दिवसाला लोक काय म्हणत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला म्हणजे किती गोष्टी उलगडतात हे पाहण्यासाठी दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या पानिपतचेच उदाहरण घेऊ.

सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी फौज आणि अहमदशहा अब्दालीची फौज यांचा निर्णायक संग्राम १४ जानेवारी १७६१, बुधवार या दिवशी झाला. भाऊंच्या छावणीत मात्र ही तारीख कोणास ठाऊक नव्हती. तेथे तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ असा होता. समोरच्या छावणीत तोच दिवस हिजरी ११७४ मधील जमादिलाखर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला होता. सूर्य एकदाच उगवला व एकदाच मावळला. त्याच्या त्या एका फेरीला नावे मात्र तीन.

या तिन्ही नावांपैकी प्रत्येक नाव पुढे वेगवेगळ्या वाटेने चालते. वर्षश्राद्ध तिथीने होते. म्हणून त्या रणात पडलेल्या पुरुषाच्या घरी त्याचा दिवस पौष शुद्ध अष्टमीस पाळावयाचा. ही अष्टमी २०२४ साली १८ जानेवारीस आली, तर २०२५ साली ७ जानेवारीस. उलट, पानिपत येथील काला आंब स्मारकापाशी मराठी माणसे जमतात ती १४ जानेवारीस. दोघेही आपापल्या रीतीने बरोबरच आहेत. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र असल्यामुळे त्यातील तोच दिवस दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो.

आता एका लोकप्रिय समजुतीकडे वळू. पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, असे महाराष्ट्रात अनेकदा सांगितले जाते. 'संक्रांत ओढवणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आधीच असल्यामुळे ही समजूत मनाला चटकन पटते, आणि हाच तिचा धोका आहे. हल्ली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. म्हणून तेव्हाही ती त्याच तारखेस आली असेल, असे आपण गृहीत धरतो. गणित काय सांगते ते पाहावे.

सूर्य एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येण्यास ३६५ दिवस, ६ तास व सुमारे ९ मिनिटे लागतात. यास नाक्षत्र वर्ष म्हणतात, आणि आपली संक्रांत या वर्षाने चालते. इंग्रजी दिनदर्शिकेचे वर्ष ऋतूंना धरून आहे. ते सरासरीने ३६५ दिवस, ५ तास व ४९ मिनिटांचे असते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे फार सावकाश घुमत असल्यामुळे हा सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो. २० मिनिटे म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. पण ७२ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. १७६१ ते १९६१ या दोनशे वर्षांत इंग्रजी दिनदर्शिकेचे ७३,०४८ दिवस गेले, तर दोनशे नाक्षत्र वर्षांना ७३,०५१ दिवस व सुमारे ६ तास लागतात. १९६१ मध्ये सूर्याचे मकरेतील संक्रमण १३ व १४ जानेवारीच्या मधल्या रात्री झाले. त्यातून तीन दिवस व सहा तास वजा केले की १७६१ चे संक्रमण १० जानेवारीस येते. त्या काळच्या पंचांगांची रीत निराळी होती, त्यामुळे अर्ध्या-एक दिवसाचा फरक पडू शकेल. चार दिवसांचा नाही. म्हणजे रणास तोंड लागले त्यापूर्वीच, दोन-अडीच महिने कोंडलेल्या आणि उपासमारीने गांजलेल्या त्या छावणीत संक्रांत येऊन गेली होती.

पानिपतच्या इंग्रजी तारखेबद्दल निदान दुमत नाही. त्याआधीच्या घटनांत तोही घोटाळा असतो. इंग्रजांनी नवी, म्हणजे ग्रेगरीय, गणना १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या पाठोपाठ एकदम १४ सप्टेंबर आला. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक पाहणाऱ्या हेन्री ऑक्झिंडेनची गणना जुनी होती. म्हणून ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवसाची तारीख आपण ६ जून १६७४ अशी शिकतो. नव्या गणनेने तो १६ जून होता.

गणित व आकाश यांचा मेळ घालण्याची खटपट दिल्लीस नवी नाही. सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास येथे वेधशाळा उभारली, ती याचसाठी. जुन्या कोष्टकांवरून काढलेल्या ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, हे त्याला खटकले होते. स्वातंत्र्यानंतर तोच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. देशात तीसएक निरनिराळी पंचांगे चालू होती. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. १९५५ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ म्हणून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी वर्ष सुरू करून तिने महिने ऋतूंशी बांधले. त्यामुळे तिच्या तारखा इंग्रजी तारखांशी कायमच्या जुळतात. प्लुत वर्षी तेवढा चैत्र २१ मार्चला सुरू होऊन ३१ दिवसांचा होतो.

या दिनदर्शिकेने मागे मोजत गेल्यास पानिपतच्या दिवसाला चौथे नाव मिळते : २४ पौष १६८२. शुद्ध अष्टमी आणि चोविसावा दिवस, महिना मात्र दोन्हीकडे पौषच. एक पौष चंद्राचा आहे, दुसरा सूर्याचा.