कॅमेऱ्याआधी वही

‘मला गाण्यांचे व्हिडिओ डिरेक्ट करायचेत’ असं मुलीने किंवा मुलाने जाहीर केलं, की घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘आधी डिग्री तर घे’ म्हणून विषय संपवला जातो, नाहीतर लाडापोटी हप्त्यावर महागडा कॅमेरा घरी येतो. दोन्हींत घाईच आहे. कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो, लेन्स मिळतात, तो कॅमेरा चालवणारा माणूसही मिळतो. हे गाणं कोण बघणार आणि म्हणून ते कसं दिसायला हवं, याचं उत्तर मात्र कुणी भाड्याने देत नाही. डिरेक्टरला पैसे मिळतात ते या उत्तराचे.

हे काम मिळतं कसं, ते पालकांनी आधी समजून घ्यावं. गायक किंवा म्युझिक कंपनी गाणं पाठवते, बहुतेकदा एकाहून जास्त जणांना, आणि प्रत्येकाकडून ‘ट्रीटमेंट’ मागवते. ट्रीटमेंट म्हणजे चार-सहा पानांचा मजकूर. त्यात कल्पना, रंग, लोकेशन, कपडे आणि कॅमेऱ्याची चाल असते, काही संदर्भचित्रं असतात आणि हे सगळं दिलेल्या बजेटात कसं बसेल हेही लिहिलेलं असतं. ज्याचे कागद पटतात त्याला काम मिळतं. म्हणजे शूटिंगच्या कितीतरी आधी, बसून केलेल्या अभ्यासावर निवड होते. ज्या मुलाला दोन पानं नीट लिहायचा कंटाळा आहे, त्याने या क्षेत्राचा पुन्हा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अभ्यास म्हणजे काय? दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघणं नव्हे, हे पालकांचं म्हणणं बरोबरच आहे. एक उदाहरण घेऊ. मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने 1997 मध्ये डाफ्ट पंक या बँडच्या ‘अराउंड द वर्ल्ड’चा व्हिडिओ केला. पहिल्यांदा बघताना तो निव्वळ गमतीचा वाटतो: गोल मंचावर यंत्रमानव, सांगाडे, ममी, जलतरणपटूंच्या वेशातल्या मुली आणि पायऱ्यांवर चढउतार करणारे खेळाडू. दुसऱ्यांदा एकेका गटावरच नजर ठेवून बघा. खेळाडू बेस गिटारच्या सुरांबरोबर वरखाली करतात, सांगाडे गिटारवर हलतात, ममी ड्रम मशीनच्या ठेक्यावर, जलतरणपटू कीबोर्डवर, तर यंत्रमानव गाण्याच्या शब्दांबरोबर चालतात. म्हणजे गोंद्रीने गाण्याचा एकेक थर सुटा करून ऐकला आणि प्रत्येक थराला शरीर दिलं. गाण्याच्या शब्दांत गोष्ट जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्याने ती बळेच घुसडली नाही. ही शैली गाण्याच्या रचनेतून आलेली आहे. ‘मला गोंद्रीसारखं करायचंय’ म्हणणाऱ्याने रंगीबेरंगी कपडे उचलू नयेत, आपल्या गाण्यात किती थर आहेत ते मोजावं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने 1991 मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ केला. त्यातला म्हातारा, पंख असलेला माणूस गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथेतून आला आणि प्रकाशयोजनेवर काराव्हाज्जोच्या चित्रांची छाया आहे. इतर व्हिडिओ बघून व्हिडिओ करणाऱ्याच्या हाती हे लागलं नसतं. म्हणून घरात मुलगा कादंबरी वाचत पडला असेल किंवा मुलगी चित्रप्रदर्शनाला निघाली असेल, तर ‘अभ्यास सोडून काय चाललंय’ असं लगेच म्हणू नका.

आपल्याकडचे दाखले बघताना काळ लक्षात घ्यावा लागतो. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ 1995 चा. तेव्हा श्रोता घरातल्या टीव्हीसमोर, सॅटेलाइट वाहिन्यांवर होता. केन घोषने केलेला तो व्हिडिओ राजवाडा, दरबार, मिलिंद सोमण असा भपका घेऊन आला, कारण त्याला टीव्हीवरच्या जाहिरातींच्या गर्दीत उठून दिसायचं होतं. प्रदीप सरकार तर जाहिरातक्षेत्रातूनच आले. ‘युफोरिया’ या बँडसाठी त्यांनी केलेल्या व्हिडिओंत पाच मिनिटांत एक आख्खी गोष्ट असते. त्यांच्याच एका व्हिडिओत विद्या बालन दिसली आणि पुढे 2005 मध्ये त्यांच्याच ‘परिणीता’ चित्रपटात नायिका झाली. आणि मग 2011 चा ‘कोलावेरी डी’. स्टुडिओ, माइक, कागद हातात घेतलेला धनुष, बाकी काही नाही. सजावट नाही म्हणून तो कमी दर्जाचा नव्हता. लोक तो संगणकावर आणि फोनवर बघून एकमेकांना पाठवत होते, आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत डोकावल्याचा आनंद त्यांना पुरेसा होता. तीन दाखले, तीन शैली, आणि पडदाही टीव्हीवरून फोनवर आलेला.

घरी करायचा सराव सोपा आहे. एक व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कटला वहीत रेघ मारा. मग चित्र न बघता फक्त गाणं ऐका आणि ठेका कुठे बदलतो ते लिहा. कट ठेक्यावर पडतात की मुद्दाम चुकवले आहेत? चेहरा जवळून पहिल्यांदा कधी दिसला? स्लो मोशनमध्येही गायकाचे ओठ शब्दांशी कसे जुळतात, असा प्रश्न पडला तर शोधा: सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्या वेगाने गातो आणि कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 48 फ्रेम टिपतो. असे प्रश्न ज्याला आपणहून पडतात त्याच्यात दम आहे.

शैलीचा अभ्यास मुलं हौसेने करतात. प्रेक्षकाचा अभ्यास टाळतात, कारण त्यासाठी खोलीबाहेर पडावं लागतं. ‘टार्गेट ऑडियन्स: 18 ते 35, सर्व’ असं लिहिलेली ट्रीटमेंट मी पुढे वाचतच नाही.

समजा, हळदीचं गाणं आलं आहे. ठाणे, रायगड, पालघर पट्ट्यातल्या आगरी-कोळी समाजात हळद हा केवढा मोठा सोहळा असतो, हे पुण्या-नाशिकच्या मुलाला माहीत असेलच असं नाही. हे गाणं खुर्चीत बसून ऐकलं जाणार नाही. ते मांडवात डीजेवर वाजणार, त्यावर काकू, मामी, नवरदेवाचे मित्र नाचणार. म्हणून त्यातली मुख्य (‘हुक’) स्टेप चार वर्षांच्या पोरालाही जमेल अशी हवी आणि ती पायापासून डोक्यापर्यंत दिसायला हवी. तिथे क्लोजअपचा हट्ट धरणारा डिरेक्टर प्रेक्षकाला ओळखत नाही. व्हिडिओ लग्नसराईच्या आधी बाहेर पडायला हवा, मे अखेरीस येऊन उपयोग नाही. लुगडं नेसायची कोळणीची पद्धत, अंगावरचं सोनं, लग्नात धवळे गाणारी धवलारीण, यांत चूक झाली तर कमेंटमध्ये पहिल्या तासात उद्धार होतो, आणि तो रास्तच असतो. समुद्रात होडी हवी असेल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हे सगळं गावात दोन दिवस राहून, एखाद्या हळदीला जाऊन, म्हाताऱ्या बायकांशी बोलून कळतं. लॅपटॉपवर कळत नाही.

आता त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका मुलीचं गिटारवरचं संथ गाणं आलं. ते बहुतेकदा रात्री हेडफोन लावून, एकट्याने ऐकलं जाईल. इथे हुक स्टेप नको. अमेरिकेतला मराठी मुलगाही ऐकेल, म्हणून सबटायटल हवीत. पण गाणं उदास आहे म्हणून चित्र काळोखं करायचं, हा मोह आवरा: स्टुडिओच्या मॉनिटरवर सुंदर दिसणारा अंधार लोकलमध्ये उन्हात धरलेल्या फोनवर नुसता काळा चौकोन होतो. शिवाय त्यातले पंधरा-वीस सेकंद उभ्या चौकटीत रील म्हणून जाणार असतील, तर शूट करतानाच माणूस चौकटीच्या मध्याशी ठेवावा लागतो.

गायकाचं आधीचं चॅनल असेल तर त्याच्याकडून यूट्यूबची आकडेवारी मागून घ्या. कुठल्या शहरांतून बघतात, फोनवर की टीव्हीवर, कुठल्या सेकंदाला माणसं निघून जातात, हे सगळं त्यात दिसतं. तीस सेकंदांची ढगांची प्रस्तावना किती जण सहन करतात ते एकदा त्या आलेखावर पाहिलं, की पुढच्या वेळी ढग कमी होतात.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-शिक्षणाची संस्था 1960 पासून, प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. तिथल्या दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. टेलिव्हिजन विभागात एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याची सत्यजित राय संस्था आणि अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था हेही चांगले पर्याय. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाचा मास कम्युनिकेशनचा पदवी अभ्यासक्रम किंवा जे. जे.तली उपयोजित कला घेता येते. ‘आधी डिग्री’ म्हणणारे पालक इथे चुकत नाहीत, फक्त डिग्री कशात हा प्रश्न उघडा ठेवा. आणि मोठं शहरच हवं असंही नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला शिकत असताना केला होता.

सरावासाठी गाजलेलं गाणं घेऊ नका. त्याचे हक्क कंपनीकडे असतात आणि यूट्यूबची यंत्रणा ते लगेच ओळखते. पारंपरिक लोकगीत कुणाच्या मालकीचं नसलं, तरी त्याचं ठरावीक रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. कॉलेजातल्या एखाद्या मित्राचं स्वतःचं गाणं घ्या, लेखी परवानगीसह.

राहिला पैसा. हे काम महिन्याच्या पगाराचं नाही. डिरेक्टरला साधारणपणे ठरलेली एकरकमी रक्कम मिळते. गाणं कोट्यवधी वेळा वाजलं तरी त्यात सहसा वाटा नसतो. पहिली काही वर्षं सहायक म्हणून, एडिटर म्हणून, लग्नाच्या फिल्म आणि जाहिराती करत जातात. एडिटिंग हातात असलेला मुलगा सहसा रिकामा बसत नाही, म्हणून ते आधी शिकावं. हिशेबाची सवय घरात लावता येते आणि ते काम पालकच चांगलं करू शकतात: करार कागदावर, अर्धी रक्कम शूटिंगच्या आधी, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आकड्यात, आणि उरलेले पैसे खात्यात आल्यावरच अंतिम फाइल.