नियंत्रकाची परीक्षा
डब्ल्यूएजी-९ या मालवाहू विद्युत इंजिनात सहा मोटारी असतात. त्यांना मिळणाऱ्या विजेचे नियमन इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. त्याची चाचणी लोहमार्गावर घेणे खर्चिक. शिवाय हवा तो बिघाड तेथे हवा तेव्हा घडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नियंत्रक संगणकाला जोडतात. मोटारींतील प्रवाह, चाकांचा वेग, वाहिनीतील २५ किलोव्होल्ट दाब यांचे कृत्रिम संकेत संगणक पुरवतो आणि मध्येच लघुपरिपथ झाल्याचे भासवतो. नियंत्रकाने वीज तत्काळ तोडली, एवढ्यावर परीक्षार्थी समाधान मानतात. ते अपुरे आहे. या इंजिनाच्या मूळ रचनेत तीन-तीन मोटारींचे दोन गट आहेत; सदोष गट तेवढा वेगळा करून, शक्य तेथे, अर्ध्या शक्तीवर गाडी पुढील स्थानकापर्यंत नेता आली पाहिजे. अख्खे इंजिनच बंद पडले, तर मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात, आणि तो खर्च चाचणीच्या अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही.