एका नमस्काराची दोन उत्तरे



हरळय्यांची कथा आपण प्रवचनातून अनेकदा ऐकली असेल. बाराव्या शतकातील कल्याण, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. चर्मकार हरळय्यांनी वाटेत महात्मा बसवण्णांना 'शरणु' म्हटले. बिज्जळ राजाच्या या मंत्र्याने उलट 'शरणु शरणार्थी' म्हटले. एकास दोन! परंपरा सांगते की ते एक जादा नमन हरळय्यांना ऋणासारखे जड झाले आणि पतिपत्नींनी आपल्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे करून आणली.

प्रवचनकार बहुधा कातड्यापाशी रेंगाळतात. श्रोत्यांचे डोळे तेथेच पाणावतात, हेही खरे. आपण मात्र त्या नमस्कारापाशी थोडे थांबू. 'मी जातपात मानत नाही' असे बसवण्णा तेथे म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर त्या वाक्यानेच हरळय्यांना त्यांच्या जातीची आठवण करून दिली असती. त्यांनी फक्त नमस्कार केला, जसा कोणाही शरणाला करावा. तरीही त्याचे ओझे झाले! चांगल्या मनाने केलेली गोष्टसुद्धा घेणाऱ्याला कशी लागेल, हे करणाऱ्याला नेहमी कळतेच असे नाही.

मग पादत्राणे समोर आली. ती परत करावीत तर भक्ताचा अपमान, पायात घालावीत तर भक्ताचेच कातडे तुडवायचे. बसवण्णांनी ती मस्तकी धरली.

आपल्याकडे दान हा शब्द बाजूला ठेवून दासोह म्हणतात. देणारा तेथे दाता नसतो, दास असतो. हे मी पुष्कळदा लिहिले आहे, बोललोही आहे. पण एका श्रावण सोमवारी मठाच्या पंगतीत मी हुग्गी वाढत होतो. एका वृद्ध गृहस्थांनी तिसऱ्यांदा मागितली. मी थट्टेने, जरा मोठ्यानेच म्हणालो, "अजून? घरी चूल पेटत नाही वाटतं!" शेजारची दोनचार माणसे हसली. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "पुरे झालं, स्वामी," म्हणाले, आणि पुढ्यातला भात तसाच टाकून उठले.

त्यांच्या घरी चूल खरोखरच पेटत नव्हती, हे मला दोन दिवसांनी कळले. पुढच्या सोमवारी पंगतीच्या टोकाला मी त्यांच्यासाठी एक पान मांडून ठेवले. शेवटची पंगत उठेपर्यंत ते रिकामेच होते.